क्वार्टरबॅकची जागा, कोपराचा हिशोब: अमेरिकेतल्या मराठी पालकांना खुलं पत्र

प्रति,
अमेरिकेतल्या हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल संघांत क्वार्टरबॅक (बॉल फेकून चाल चालवणारा खेळाडू) म्हणून खेळणाऱ्या मुलांचे मराठी आई-वडील,
आणि त्या संघांचे प्रशिक्षक (त्यांना यातला मजकूर पालकांनी स्वतः सांगावा, मुलाला मध्ये घालू नये)

विषय: दुखापतीतून परतणारा क्वार्टरबॅक आणि सुरुवातीच्या अकरातली त्याची जागा

सप्रेम नमस्कार.

ऑगस्टात सराव सुरू होतो आणि आधीच्या हंगामात किंवा वसंतात शस्त्रक्रिया झालेली मुलं त्याच सुमारास मैदानावर परततात. त्या दिवसांत पालक दोनच प्रश्न विचारतात. "डॉक्टरांनी परवानगी दिली, मग कोच अजून बाकावर का बसवतात?" किंवा याच्या अगदी उलट, "कोचनी पहिल्याच सामन्यात खेळवलं, म्हणजे हात पूर्ण बरा झाला ना?" दोन्ही प्रश्नांत गफलत एकच आहे. हात बरा झाला की नाही हे सर्जन, फिजिओथेरपिस्ट आणि शाळेचा अॅथलेटिक ट्रेनर ठरवतात. जागा कोणाची हे मुख्य प्रशिक्षक ठरवतो. या दोन निर्णयांची सरमिसळ झाली की जागा जायची भीती असलेला मुलगा दुखणं लपवतो, आणि ज्याच्याकडे बदली खेळाडू कच्चा आहे असा प्रशिक्षक घाई करतो. आमची मागणी साधी आहे: पहिला थ्रो टाकायच्या आधी दोन्ही निर्णयांचे निकष एका कागदावर लिहून घ्या, आणि त्या कागदावर कुठल्याही सामन्याची तारीख लिहू नका.

क्वार्टरबॅकच्याच बाबतीत हा प्रश्न इतका चिघळतो, त्याला कारण आहे. रिसीव्हर (पास झेलणारे) पाच-सहा जण आलटूनपालटून खेळतात. रनिंग बॅक (बॉल घेऊन धावणारा) दुखापतीतून परतला तर पहिल्या शुक्रवारच्या सामन्यात त्याला आठ-दहा प्ले (चाली) देऊन बघता येतं. क्वार्टरबॅक मात्र एका वेळी एकच असतो. जवळपास प्रत्येक प्लेला बॉल त्याच्या हातात येतो, प्ले तोच सांगतो, बचाव कसा उभा आहे हे वाचून बदलतोही तोच. त्याला अर्धामुर्धा परत आणायची सोय खेळातच नाही. ती प्रशिक्षकाला मुद्दाम करून द्यावी लागते.

यासाठी अभ्यासावं असं सर्वांत चांगलं उदाहरण बे एरियातल्या मंडळींना पाठ असेल. एनएफएल या व्यावसायिक लीगच्या २०२२ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) अगदी शेवटी, २६२ व्या क्रमांकावर निवडलेला ब्रॉक पर्डी. सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनायनर्सनी पहिल्या फेरीत खेळाडू निवडायचे तीन हक्क मोजून २०२१ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर घेतलेल्या क्वार्टरबॅक ट्रे लान्सचा घोटा सप्टेंबर २०२२ मध्ये मोडला, जिमी गारोपोलोचं पाऊल डिसेंबरात मोडलं, आणि संघ पर्डीच्या हातात आला. २९ जानेवारी २०२३ ला फिलाडेल्फियात थ्रो सुटता सुटता समोरच्या संघाच्या हसन रेडिकची धडक त्याच्या हातावर बसली आणि उजव्या कोपराचं आतल्या बाजूचं लिगामेंट, यूसीएल, फाटलं. बदली आलेल्या जॉश जॉन्सनच्या डोक्याला मार लागला, पर्डीला परत मैदानात यावं लागलं, आणि लांबचा थ्रो त्याला टाकताच येत नव्हता. संघ ३१-७ असा हरला. (तिसऱ्या, आणीबाणीच्या क्वार्टरबॅकचा नियम लीगनं त्याच वर्षी परत आणला तो या सामन्यानंतर.)

आता पुढचं वेळापत्रक नीट पाहा. शस्त्रक्रिया फेब्रुवारीत ठरली होती. कोपराची सूज उतरली नाही म्हणून ती १० मार्चपर्यंत पुढे ढकलली गेली. डॉ. कीथ माइस्टर यांनी टेक्सासमध्ये लिगामेंट मूळ जागी शिवलं आणि त्याला आतून आधाराची पट्टी दिली. पहिले थ्रो साधारण तीन महिन्यांनी. जुलैअखेर कॅम्प सुरू झाला तेव्हा वैद्यकीय परवानगी हातात होती, तरी सुरुवातीला दोन दिवस थ्रो आणि तिसऱ्या दिवशी विश्रांती असा क्रम ठेवला गेला. १९ ऑगस्टला सरावाचा सामना, १० सप्टेंबरला पिट्सबर्गमध्ये पहिला खरा सामना आणि ३०-७ असा विजय. परवानगी मिळाल्यापासून पहिल्या खऱ्या सामन्यापर्यंत सहा आठवड्यांहून जास्त काळ गेला. तो काळ हात शिवण्याचा नव्हता, थ्रोंची संख्या वाढवण्याचा होता. पालकांच्या हिशोबात हेच आठवडे नेमके गळतात.

जागेचं काय झालं तेही पाहा. मार्चमध्ये संघानं आणखी एक क्वार्टरबॅक, सॅम डार्नोल्डला घेतलं, लान्सही बरा होऊन परतला होता, पर्डीचा हात कसा येईल याची खात्री कोणालाच नव्हती. तरीही हात बरा झाला तर अग्रक्रम पर्डीचा, हे वसंतातच उघड बोललं गेलं. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात लान्सला चौथ्या फेरीच्या एका हक्काच्या बदल्यात डॅलसला दिलं. ज्याला दिलं त्याच्यासाठी हे कठोर होतं. पण उन्हाळाभर पर्डीला आपली जागा वाचवण्यासाठी लांबचे थ्रो टाकून दाखवण्याची गरज पडली नाही. नंतर २०२५ मध्ये पहिल्याच सामन्यात त्याच्या पायाच्या अंगठ्याला दुखापत झाली. सप्टेंबरअखेर तो एक सामना खेळला, दुखणं वाढलं, आणि मग नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत बसावं लागलं. बदली मॅक जोन्स चांगला खेळत होता, तरी बरा झाल्यावर जागा पर्डीचीच, याबद्दल संघानं संदिग्धता ठेवली नाही. जागा पक्की असूनही शरीर फसवू शकतं, हेही त्याच हंगामानं दाखवलं.

शाळकरी मुलाला हे वेळापत्रक जसंच्या तसं लावता येत नाही. कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडाच्या टोकाशी वाढीची चकती असते आणि ती साधारण पंधरा ते सतराव्या वर्षापर्यंत पूर्ण जुळलेली नसते. त्यामुळे चौदा वर्षांच्या मुलात लिगामेंट फाटण्याऐवजी हाडाचा तुकडाच ओढला जाऊ शकतो, आणि त्याचे उपचार वेगळे असतात. मोठ्या मुलातसुद्धा "कोपराचं ऑपरेशन" म्हणजे नक्की काय झालं हे आधी विचारा. लिगामेंट एका टोकाशी सुटलं असेल आणि बाकीचं चांगलं असेल तर ते शिवतात, आतून पट्टी देतात. थ्रो साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सुरू होतात, सामने सहाव्याच्या आसपास. लिगामेंट झिजलेलं किंवा मधोमध फाटलेलं असेल तर हाताच्या किंवा मांडीच्या कंडरेचा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीचा) तुकडा काढून नवं बसवतात. हीच फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये बेसबॉलपटू टॉमी जॉनवर प्रथम केलेली शस्त्रक्रिया. तिला वर्ष धरून चाला. कॅरोलायना पँथर्सच्या जेक डेलोमवर २००७ च्या शरद ऋतूत ती झाली आणि तो पुढच्या हंगामाच्या पहिल्या सामन्यात उभा राहिला. शेजारच्या पिचरला (बेसबॉलमध्ये बॉल टाकणाऱ्याला) चौदा महिने लागले म्हणून तुमच्या मुलाला चौदा लागतील असं नाही, आणि पर्डी सहा महिन्यांत आला म्हणून तुमचाही येईल असंही नाही.

फुटबॉल आणि बेसबॉलच्या थ्रोंतला फरक इथे माहीत असलेला बरा. बेसबॉलचं वजन १४२ ते १४९ ग्रॅम, फुटबॉलचं ३९७ ते ४२५. जड बॉलमुळे हाताचा वेग कमी राहतो, म्हणून नुसत्या थ्रोंनी लिगामेंट झिजण्याचं प्रमाण क्वार्टरबॅकमध्ये पिचरपेक्षा कमी असतं. इथे घात होतो तो बहुधा धडकेनं. पण जड बॉल कमकुवत पाय आणि कमरेला माफ करत नाही. थ्रोचा जोर जमिनीतून पाय, कंबर, धड असा वर येतो. सहा आठवडे ब्रेस घालून सोफ्यावर बसलेल्या मुलाचे पाय आणि कंबर ढिली पडलेली असते, मग तो सगळा जोर खांद्या-कोपरातून काढतो. हे बाहेरून दिसतं: बॉल सोडताना कोपर खांद्याच्या रेषेखाली जातो, पुढचा पाय टाकण्याआधीच धड उघडतं, थ्रो संपताना शरीर मागे पडतं. पहिल्या महिन्यात प्रशिक्षकानं बॉल कुठे पडला हे बघण्यापेक्षा हे तीन दोष बघावेत.

थ्रो सुरू करण्याआधी काय तपासलं पाहिजे? कोपर पूर्ण सरळ आणि पूर्ण दुमडता येतो का. पकडीची ताकद दुसऱ्या हाताच्या निदान नव्वद टक्के आहे का. खांद्याचा आत-बाहेर फिरण्याचा एकूण पल्ला दोन्ही बाजूंना जवळपास सारखा आहे का. आतल्या बाजूला हाडावर दाबलं तर दुखतं का. करंगळीत आणि अनामिकेत मुंग्या येतात का. हा शेवटचा प्रश्न मुलं टाळतात, कारण मुंग्या "दुखणं" या सदरात बसत नाहीत. पण कोपराच्या आतून जाणारी नस चेपली जाते आहे याची ती पहिली खूण असते. मुंग्या असतील तर थ्रो बंद, आधी सर्जनला फोन.

थ्रोंचा कार्यक्रम साधारण असा असतो. आकडे तुमच्या सर्जनच्या कागदावर थोडे वेगळे असतील, तेव्हा तोच कागद प्रमाण. दहा यार्डांवरून २५ थ्रो, दहा मिनिटं विश्रांती, पुन्हा २५. आठवड्यातून तीनदा, एक दिवसाआड. एकाच पायरीचे दोन दिवस विनातक्रार गेले की पुढची पायरी: पंधरा यार्ड, मग वीस, तीस, चाळीस. आधी अंतर वाढवायचं, मग जोर, मग संख्या. एका दिवशी दोन गोष्टी वाढवायच्या नाहीत. एका गुडघ्यावर बसून थ्रो टाकण्याचा जो सराव सगळे क्वार्टरबॅक वॉर्म-अपमध्ये करतात, तो या टप्प्यात नको, कारण त्यात पायांची मदत काढून घेतलेली असते आणि हात एकटा राबतो. आणि "निम्म्या जोरानं टाक" या सूचनेवर विसंबू नका. निम्म्या जोरानं टाकायला सांगितलं तरी वेग निम्मा होत नाही, ऐंशी टक्क्यांच्या वर राहतो, हे बेसबॉलच्या पिचरवर मोजलं गेलं आहे. मुलगा खोटं बोलत नसतो, त्याला ते जाणवतच नाही. खिशात मावणारी रडार गन मिळत असेल तर वापरा. नाहीतर अंतरच इतकं कमी ठेवा की जोर लावायला वाव राहणार नाही.

दुखण्याचे नियम फिजिओथेरपीत ठरलेले आहेत आणि ते फ्रिजवर चिकटवण्याइतके सोपे आहेत. वॉर्म-अपमध्ये दुखलं आणि पहिल्या पंधरा थ्रोंत थांबलं, तर मागच्या वेळचीच पायरी पुन्हा करा, पुढे जाऊ नका. वॉर्म-अपमध्ये दुखलं आणि थांबलंच नाही, तर तिथेच बंद, दोन दिवस विश्रांती, परत आल्यावर एक पायरी खाली. थ्रोनंतर तासाभराहून जास्त दुखत राहिलं किंवा दुसऱ्या सकाळी दुखलं, तर एक दिवस सुट्टी आणि तीच पायरी पुन्हा. स्नायू दुखणं वेगळं आणि कोपराच्या आतल्या बाजूला बोटभर जागेत टोचणं वेगळं. दुसरं असेल तर नियम बघत बसू नका, थांबा. सरावाआधी आयब्युप्रोफेनची गोळी देऊन पाठवलंत तर वरचे सगळे नियम निकामी होतात. आम्हाला सर्वांत जास्त चीड येते ती या गोळीची, कारण ती बहुतेक वेळा आईच्या पर्समधून, प्रेमानं आलेली असते.

तेलाचंही इथेच सांगून टाकतो. आखडलेला कोपर आजीनं किंवा कोणी जाणत्यानं तेल लावून रेटून सरळ करणं हा आपल्याकडचा जुना उपाय आहे. शस्त्रक्रिया झालेल्या कोपराला जोर लावून ताणणं घातक ठरतं: सूज वाढते, कोपर जास्त आखडतो, कधी कधी स्नायूंत हाड धरू लागतं. हलक्या हातानं खांद्याला, पाठीला तेल लावायला हरकत नाही. कोपर फिजिओथेरपिस्टवर सोडा.

आता ज्या एका गोष्टीसाठी हे पत्र लिहिलं म्हटलं तरी चालेल ती: थ्रोंची मोजणी. बेसबॉलमध्ये वयानुसार पिचची मर्यादा ठरलेली आहे, कोणीतरी क्लिकर घेऊन मोजत असतो. शालेय फुटबॉलमध्ये थ्रोंना अशी मर्यादा नाही. सामन्यात वीस-पंचवीस पास झाले की पालकांना वाटतं हात फारसा वापरलाच गेला नाही. सरावाचा हिशोब करा. वॉर्म-अपचे पंचवीस-तीस, रिसीव्हरांबरोबर ठरलेल्या रूटचे (धावण्याच्या वाटांचे) तीस-चाळीस, सात-विरुद्ध-सातचे (धडकेविना, फक्त पासांचा खेळ) वीस, पूर्ण संघाबरोबरचे पंधरा-वीस: एका दुपारी आकडा सहज शंभराच्या घरात जातो. आठवड्यात असे तीन-चार दिवस. वर खासगी क्वार्टरबॅक कोचकडे रविवारी तासभर. वसंतात सात-विरुद्ध-सातचा क्लब. आणि मुलगा बेसबॉलमध्ये पिचर असेल तर तेही. प्रत्येक प्रशिक्षक आपापल्या तासापुरता विचार करतो आणि प्रत्येकाचा कार्यक्रम एकेकटा बघितला तर बरोबरच असतो. बेरीज कोणी करत नाही. ती बेरीज पालकांनी करायची आहे, कारण मुलाला सगळीकडे गाडीनं सोडणारे तेवढे एकटेच आहेत. वहीत चार रकाने पुरतात: तारीख, कुठे, किती थ्रो, दुसऱ्या सकाळी कसं वाटलं. या आठवड्याची बेरीज गेल्या आठवड्यापेक्षा दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त वाढू देऊ नका. दुखापतीनंतरचे पहिले तीन महिने खासगी कोच आणि क्लब बंद. त्या कोचला वाईट वाटेल. वाटू दे.

गुडघ्याबद्दल थोडक्यात, कारण त्यावर सर्जन स्वतःच भरपूर बोलतात. एसीएल (गुडघ्याच्या आतलं लिगामेंट) नवं बसवलं असेल तर नऊ महिन्यांच्या आत सामन्यात उतरू नये. त्याआधी परतणाऱ्या तरुण खेळाडूंत ते पुन्हा फाटण्याचं प्रमाण ठळकपणे जास्त दिसतं. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद दुसऱ्या पायाच्या नव्वद टक्के, एका पायावरच्या उड्यांच्या चाचण्याही नव्वद टक्के. क्वार्टरबॅकच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बघावी लागते. उजव्या हातानं टाकणाऱ्याचा डावा पाय थ्रोच्या क्षणी पुढे रोवला जातो आणि नेमका तेव्हाच समोरचा बचावपटू त्या पायाशी येऊन पडतो. गुडघा बरा झाला तरी ही भीती जात नाही. मुलगा पाय न रोवता मागे झुकून थ्रो टाकतो, सगळा भार हातावर येतो, आणि गुडघ्याचा रुग्ण दोन महिन्यांनी खांदा घेऊन येतो. उपाय असा की पायाशी मऊ पॅड, मोठे चेंडू टाकून, गर्दी करून, पाय रोवण्याचा सराव शेकडो वेळा करायचा, आधी बॉलशिवाय.

घाई कशी अंगाशी येते यासाठी वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक रॉबर्ट ग्रिफिन तिसरा याचं प्रकरण प्रशिक्षकांनी आठवावं. डिसेंबर २०१२ मध्ये बाल्टिमोरविरुद्ध गुडघ्याचं बाहेरच्या बाजूचं लिगामेंट ताणलं गेलं. एकच सामना बाहेर बसून तो ब्रेस घालून परतला. ६ जानेवारी २०१३ ला सिअॅटलविरुद्ध तो लंगडताना सगळ्या देशाला दिसत होता, तरी चौथ्या क्वार्टरपर्यंत मैदानात राहिला आणि गुडघा कोसळला. दोन लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली. मग पुढच्या हंगामाचा पहिला सामना हेच ध्येय म्हणून त्याची जाहिरातसुद्धा झाली. सरावाचा एकही सामना न खेळता तो ९ सप्टेंबरला उतरला, संघाचा हंगाम ३-१३ असा गेला आणि शेवटचे तीन सामने त्याला बसवून कर्क कझिन्सला खेळवलं गेलं. दुखापत गुडघ्याची होती, पण पहिल्या सामन्याची तारीख आधी ठरल्यामुळे बाकी सगळ्या गोष्टी त्या तारखेमागे फरफटत गेल्या. कागदावर तारीख लिहू नका असं आम्ही म्हणतो ते यासाठी.

डोक्याच्या माराचं प्रकरण याहून अवघड आहे, कारण बाहेरून काही दिसत नाही. २०१२ मध्ये फॉर्टीनायनर्सचा अॅलेक्स स्मिथ ७० टक्क्यांहून जास्त पास पूर्ण करत होता. ११ नोव्हेंबरला डोक्याला मार लागून तो बाहेर गेला, कॉलिन केपर्निकनं शिकागोविरुद्ध ३२-७ असा सामना जिंकून दिला, आणि स्मिथला डॉक्टरांची परवानगी मिळाल्यावरही जागा परत मिळाली नाही. केपर्निकनं संघाला सुपर बोलपर्यंत नेलं, तेव्हा खेळाच्या दृष्टीनं निर्णय चुकला असं म्हणता येत नाही. पण अशा उदाहरणातून देशभरातल्या शाळकरी क्वार्टरबॅकनी काय धडा घेतला असेल? डोकं गरगरतंय हे सांगितलं की जागा जाते. प्रशिक्षकांनो, हंगामाआधीच्या बैठकीत सगळ्या मुलांसमोर सांगा की डोक्याच्या मारामुळे बाहेर गेलेला मुलगा परत येईल तेव्हा त्याची जागा त्याला मिळेल, आणि ती बदलायचीच असेल तर निदान एक पूर्ण आठवडा दोघांना सारखा सराव देऊनच बदलेल. मग ते पाळा. कॅलिफोर्नियात कायद्यानं निदान सात दिवसांची टप्प्याटप्प्यानं परतण्याची मुदत बंधनकारक आहे आणि डॉक्टरांची लेखी परवानगी लागते. आधी वर्गात पूर्ण वेळ बसता आलं पाहिजे. मग हलकं पळणं, मग जोराचं पण धडकेविना, मग धडकेसह सराव, आणि शेवटी सामना. प्रत्येक टप्प्याला किमान एक दिवस. लक्षणं परतली तर मागच्या टप्प्यावर. पालकांनी एवढंच करावं: त्या आठवड्यात मुलाला "शुक्रवारी खेळशील ना?" असं विचारू नये.

आता प्रशिक्षकानं मधली वाट कशी तयार करायची ते. परवानगी आली की पहिला आठवडा फक्त रिसीव्हरांबरोबर, बचावाविना. दुसरा आठवडा सात-विरुद्ध-सात. इथे अंगावर कोणी येत नाही, पण डोळ्यांना आणि निर्णयाला काम मिळतं. तिसऱ्यात पूर्ण संघाबरोबर, वेगळ्या रंगाची जर्सी घालून, हात लावायचा नाही या अटीवर. पहिल्या फळीबरोबरचे स्नॅप (बॉल मागे देऊन प्ले सुरू करणं) आधी एक चतुर्थांश, मग निम्मे. हे स्नॅप रोज लिहून ठेवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी उत्साहात सगळेच त्याला दिले जातात आणि बदली खेळाडू शुक्रवारी कोरडा मैदानात जातो.

या काळात काय बिघडतं हे बहुतेकांना अपेक्षित नसतं. लांबचे थ्रो बरे येतात. मोडतो तो सेंटरबरोबरचा, म्हणजे बॉल मागे देणाऱ्या खेळाडूबरोबरचा मेळ. स्नॅप लवकर येतो, हातातून निसटतो, पहिल्याच दिवशी तीन-चार फंबल होतात. म्हणून हात बांधलेला असतानाही सेंटरबरोबर रोज आवाजाचा, मोजणीचा सराव करता येतो, तो करावा. दुसरं, रिसीव्हरचा वेग त्याच्या डोक्यात गेल्या हंगामाचा असतो. पोरं उन्हाळ्यात वाढलेली असतात, थ्रो मागे पडतो, मग तो जास्त जोर लावतो. तिसरं, चाळीस सेकंदांच्या घड्याळात प्ले ऐकून, सांगून, बचाव वाचून स्नॅप मागणं याची सवय गेलेली असते. बाहेर बसलेल्या मुलाला सामन्यात हेडसेटजवळ उभं करून प्रत्येक प्ले ओठांनी म्हणायला लावा. यात हाताला काही होत नाही.

पहिले दोन-तीन सामने प्लेबुकमधली काही पानं मिटून ठेवा. क्वार्टरबॅकनं स्वतः धावायचे ठरलेले प्ले नको, गोललाइनवर त्याला ढकलून नेणं नको. तीन पावलं मागे जाऊन लगेच सुटणारे पास, संरक्षणाला एक जास्तीचा माणूस, आणि कोणी मोकळं दिसलं नाही तर बॉल बाहेर फेकायची पूर्ण मुभा. शेवटचं त्याला शब्दांत सांगावं लागतं. परतलेला मुलगा स्वतःला सिद्ध करायच्या नादात प्ले लांबवतो, आणि दुसरी धडक त्याच लांबलेल्या सेकंदात बसते.

आणि बदली खेळाडू. त्याचेही आई-वडील गॅलरीत बसलेले असतात, कदाचित तेही मराठी असतील. तुमच्या मुलाच्या दुखापतीत ज्यानं संघ सांभाळला, त्याला काय सांगितलं गेलं आहे हे तुमच्या मुलाला कळलं पाहिजे आणि त्याला तुमच्या मुलाबद्दलचं. एकाला ट्रेनरच्या खोलीत एक आणि दुसऱ्याला पार्किंगमध्ये वेगळं, असं झालं की संघात दोन गट पडायला एक आठवडासुद्धा लागत नाही. प्रशिक्षकानं दोघांना एकत्र बसवून सांगावं: जागा कोणत्या निकषांवर ठरेल, किती आठवड्यांच्या सरावावर, कोण बघणार. अनिश्चितता असेल तर "अजून ठरलेलं नाही, या दिवशी ठरवू" हेही उत्तरच आहे. निर्णयाच्या बैठकीला तारीख चालते. कोपराला चालत नाही.

पालकांनो, कॉलेजच्या प्रशिक्षकांना पाठवायच्या व्हिडिओची घाई या वर्षी सोडा. दुखऱ्या हातानं टाकलेल्या साठ यार्डांच्या एका थ्रोपेक्षा, आठ सामने विनातक्रार खेळलेला हंगाम कॉलेजच्या प्रशिक्षकाला जास्त सांगतो. शस्त्रक्रिया लपवूही नका. वैद्यकीय तपासणीत ती निघतेच.

जुलैत प्रशिक्षकाला भेटाल तेव्हा पाच गोष्टी विचारून लिहून घ्या. थ्रो कोण मोजणार? दुखलं तर मुलानं पहिल्यांदा कोणाला सांगायचं, आणि ते सांगितल्यावर त्या दिवसापुरतं काय होणार? संपर्काचा सराव आठवड्यात किती (कॅलिफोर्नियात जास्तीत जास्त दोन दिवस, प्रत्येकी नव्वद मिनिटं)? पहिल्या फळीबरोबरचे स्नॅप कोणत्या निकषावर वाढणार? जागेचा निर्णय कोणत्या बैठकीत, कोणासमोर सांगणार? सहाव्या प्रश्नाला, म्हणजे "माझा मुलगा पहिल्या सामन्यात खेळेल का," प्रशिक्षकानं उत्तर देऊ नये आणि तुम्ही विचारू नये.

कागदाच्या तीन प्रती काढा: एक ट्रेनरकडे, एक प्रशिक्षकाकडे, एक मुलाच्या बॅगेत. पालकांना फोनमधला फोटो पुरेल.

आपले,
क्रीडा-फिजिओथेरपी, अॅथलेटिक ट्रेनिंग आणि शालेय फुटबॉलच्या प्रशिक्षणात काम करणारे काही मराठी जण